चित्रपुस्तकातून कल्पक कृतिलेखन: वर्गात कसे घ्यावे

कृतिलेखन, म्हणजे एखादी गोष्ट कशी करायची ते पायरीपायरीने लिहिणे, म्हटले की चौथीच्या वहीत बहुधा चहा किंवा भेळ येते, तीही फळ्यावरून उतरवलेली. मुलाला स्वतःहून लिहावेसे वाटावे, तर कृती अशी हवी जी त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. आणि ती सुचवायला चित्रपुस्तकासारखे साधन नाही.

मजकूर कमी आणि चित्रांत घडामोड भरपूर, असे पुस्तक निवडावे. शाळेत पुस्तके अपुरी असतील, तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या २०१५ साली सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी चित्रपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. ताडोबालगतच्या गावांत मात्र वाघाचे पुस्तक शक्यतो टाळावे; तेथे तो केवळ गोष्टीतला प्राणी नसतो.

पहिल्या वाचनात मजकूर झाकून ठेवावा आणि पेचाच्या पानावर थांबावे. समजा, चित्रात बैलांसकट बंडी, म्हणजे बैलगाडी, ढगात अडकली आहे. "आता ती खाली कशी आणायची?" एवढेच विचारावे आणि येतील ती उत्तरे येऊ द्यावीत.

लगेच लिहायला मात्र बसवू नये. आधी एक खरी कृती तोंडी सांगून घ्यावी. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल कसा सजवतात, हे इकडे विदर्भातल्या मुलांना चांगले ठाऊक असते: बैल पुसायचा, रंगवायचा, रंग वाळल्यावर बेगड चिकटवायची, शेवटी झूल घालायची. यातले 'वाळल्यावर' गाळले तर बेगडीचे काय होईल, असे विचारले की क्रमाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही.

मग बंडीकडे वळावे. प्रथम साहित्य, नंतर कृती. एखादे मूल लिहील, "मंग बंडीले दोर बांधा. दोर वढा." यातली वऱ्हाडी कच्च्या लेखनात तशीच राहू द्यावी, प्रमाण रूपे पक्क्या प्रतीत आणता येतात. विचारायचे ते एवढेच, की दोर ढगापर्यंत पोहोचवला कोणी? त्यावर मूल पतंगाला दोर बांधील किंवा बैलांना खालून कडबा दाखवील. कल्पना कितीही अचाट असली तरी ती खोडू नये, पण तुटलेला क्रम जोडून घेतल्याशिवाय पुढेही जाऊ नये. मध्येच 'मी दोर बांधला' अशी गोष्ट सुरू झाली, तर 'बांधा', 'ओढा' या रूपांकडे परत आणावे.

शेवटी वह्यांची अदलाबदल करून, जोडीदाराला केवळ लिहिलेल्या मजकुरावरून प्रत्येक पायरीचे चित्र काढायला सांगावे. जेथे त्याची पेन्सिल अडते, तेथे लिहिणाऱ्याने आणखी एक वाक्य घालावे.