पासबुकातल्या बारीक ओळी

बत्तीस वर्षं मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. तरी दंड कापला गेला तो आमच्याच घरात! लेकानं पुण्यातली नोकरी बदलली, नव्या कंपनीनं दुसऱ्या बँकेत खातं काढून दिलं आणि जुनं सॅलरी खातं साडेतीन हजारांसकट तसंच पडून राहिलं. काही महिने पगार आला नाही की बँक अशा खात्याला साधं बचत खातं करते आणि मग अनेक बँकांत किमान शिलकीची अट लागते, शिलक त्याहून कमी असली की दंड. मेसेज जात होते जुन्या कंपनीच्या सिमवर.

म्हणून नोकरी सुटली की पहिलं काम, त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. विम्याचा हप्ता, एसआयपी (म्युच्युअल फंडाचा ठरावीक हप्ता), वीजबिल, जे जे आपोआप कापलं जातं ते नव्या खात्यावर वळवा. हे न करता खातं रिकामं केलं तर हप्ता परत जातो, आणि मग बँकही दंड घेते, समोरचाही घेतो. सगळं वळलं की खातं बंद करायचा अर्ज द्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. ‘ठेवून देतो बाबा, असू दे’ हे मात्र नको.

दंड आधीच कापला असेल तर भांडू नका, नियम विचारा. शिलक कमी झाल्याचं कळवून बँकेनं महिन्याची मुदत द्यायची असते, दंड तुटीच्या प्रमाणातच घ्यायचा असतो आणि नुसत्या दंडापायी खातं उणे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासूनचा आहे. लेकाच्या दोन दंडांपैकी एक आम्हाला असाच परत मिळाला. लेखी तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८.

एटीएमचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्याला मुंबईत तीन आणि पुण्या-सांगलीत पाच व्यवहार फुकट. नुसती शिलक पाहिली तरी एक व्यवहार धरला जातो. पुढे दर वेळी २३ रुपयांपर्यंत, वर जीएसटी. शिलक मोबाइलवर बघा की!

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मी ‘बेसिक सेव्हिंग्ज’ खातं काढायला लावलं. किमान शिलकीची भानगड नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात चार वेळा पैसे काढायला काही पडत नाही. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही. काउंटरवर हे खातं कुणी आपणहून सुचवत नाही. मीही सुचवत नव्हते, खरं सांगायचं तर. नाव घेऊनच मागायचं.