नवा नॅस युजरच्या हाती देण्याआधी: ऑनटॅपची तयारी

नॅस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारा साठवण-सर्व्हर, आणि ऑनटॅप ही त्यावर चालणारी नेटॅपची सिस्टीम. आधी जागेचा हिशेब करा, कारण साहेबांना एकदा सांगितलेला आकडा नंतर कमी करता येत नाही. 10 टीबीच्या 14 डिस्कचा रेड-टेक (तीन डिस्क बिघडल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी) गट कागदावर 140 टीबीचा. तीन डिस्क पॅरिटीला (बिघडलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा बांधायच्या माहितीला) गेल्या, उरले 110. डिस्क विकणारे हजाराने मोजतात आणि सिस्टीम 1024 ने, म्हणून तेच 100 दिसतात. त्यातले साधारण 5 टक्के वॅफल (ऑनटॅपची फाइल सिस्टीम) स्वतःकडे ठेवते, म्हणजे हातात 95; ऑनटॅप 9.14.1 च्या आधीच्या फॅसवर 10 टक्के जायचे आणि 90 उरायचे. स्पेअर (बिघडलेलीच्या जागी लागणाऱ्या) डिस्क या 14 च्या बाहेर धरा. व्हॉल्यूममधले (डेटासाठी आखलेल्या भागातले) 5 टक्के स्नॅपशॉटला (डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतींना) जातात ते वेगळेच.

मग नेटवर्क. नॅसच्या दोन कंट्रोलरपैकी (डिस्क चालवणाऱ्या संगणकांपैकी) प्रत्येकाच्या केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये टाकायच्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जोडीदार कंट्रोलरच्या पोर्टवर तेच व्हीलॅन (स्विचवर वेगळे पाडलेले नेटवर्क) पोचलेत का, हे मात्र बघायचं राहतं. एक कंट्रोलर पडला की दुसरा त्याच्या डिस्क ताब्यात घेतो, आयपी पत्ताही तिकडच्या पोर्टवर सरकतो, टेकओव्हर यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि शेअर कुणालाच उघडत नाही. तेव्हा युजर येण्याआधी टेकओव्हर खरोखर करून पाहा, दोन्ही बाजूंनी, विंडोजवर मोठी कॉपी आणि लिनक्सवर माउंट चालू असताना. एनएफएस (लिनक्सची फाइल-जोडणी) थोडा अडकून पुढे चालला पाहिजे. साधं एसएमबी (विंडोजच्या शेअरचं) सेशन तुटून पुन्हा जोडलं जाईल, त्याने घाबरू नका. गिव्हबॅकनंतर (डिस्क मूळ कंट्रोलरला परत दिल्यावर) पत्ते आपापल्या मूळ पोर्टवर परतलेत याची खात्री करा. रोजचा भार दोन्हीकडे निम्म्याच्या आत असेल तरच एकटा कंट्रोलर दोघांचं काम ओढू शकतो.

जंबो फ्रेम (नेहमीच्या 1500 ऐवजी 9000 बाइटची नेटवर्कची पाकिटं) हव्याच असतील तर वाटेतल्या प्रत्येक पोर्टवर त्या चालतात का, हे 8972 बाइटचा पिंग तुकडे न करता पाठवून तपासा. मध्ये एखादा पोर्ट 1500 वर राहिला तर माउंट होतं, छोट्या फाइली उघडतात आणि मोठी कॉपी थिजते. सगळीकडे बदल करायची मुभा नसेल तर सरळ 1500 वर राहा.

डोमेनला (विंडोजच्या युजर-पासवर्डच्या केंद्राला) जोडण्याआधी घड्याळ बघा. कर्बेरॉस (डोमेनची ओळख पटवण्याची पद्धत) 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही, म्हणून डोमेन कंट्रोलरचीच वेळ नॅसलाही द्या. जुन्या सर्व्हरचं नाव नव्या पत्त्याकडे वळवणार असाल तर डीएनएसमधला बदल पुरेसा नाही; त्या नावाचा एसपीएन (कर्बेरॉसला सर्व्हर ओळखू देणारी नोंद) नव्या कॉम्प्युटर अकाउंटवर लागतो. तो नसला तर जोडणी गुपचूप एनटीएलएमवर (विंडोजच्या जुन्या ओळखपद्धतीवर) उतरते, आणि एनटीएलएम बंद असेल तर थेट नकार मिळतो.

लिनक्सकडून ‘परवानगी नाही’ आलं तर बहुतेकदा दोष एक्सपोर्ट पॉलिसीचा (कुठल्या क्लायंटने व्हॉल्यूम उघडायचा, या नियमांचा) असतो. नव्या पॉलिसीत एकही नियम नसतो. शिवाय क्लायंटला एसव्हीएमच्या (नॅसमधल्या आभासी सर्व्हरच्या) रूट व्हॉल्यूमवरही वाचण्याचा हक्क लागतो. आतल्या व्हॉल्यूमची पॉलिसी कितीही बरोबर असली तरी त्याशिवाय वाट बंद. एका युजरला कितीतरी गटांत घालायची पद्धत असेल तर लक्षात ठेवा, ऑथ-सिस (एनएफएसची साधी ओळखपद्धत) 16 च गट पाठवते. ऑनटॅपमध्ये विस्तारित गट चालू करून मर्यादा 1024 पर्यंत नेता येते, पण मग गट शोधायला एलडॅपसारखी (युजर आणि गटांच्या केंद्रीय यादीची) सोय हवी. सिक्युरिटी स्टाइल (हक्क विंडोजच्या पद्धतीचे की लिनक्सच्या, ही निवड) ‘मिक्स्ड’ ठेवायचा मोह टाळा, पुढे कुणालाच हक्कांचा उलगडा होत नाही.

डेटा हलवायला 1 जीबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तरी 20 टीबीला 44 तास लागतात; 70 टक्के वेग धरला तर 63. शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका. रोबोकॉपीची (विंडोजच्या कॉपी करायच्या साधनाची) पहिली फेरी काही आठवडे आधी करा, नंतर फक्त बदल ओढा, आणि शेवटच्या फेरीआधी जुना शेअर केवळ वाचण्यापुरता ठेवा. मिरर पर्याय (मुक्काम स्रोतासारखाच हुबेहूब करणारा) वापरताना स्रोत आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली तर रिकामा फोल्डर भरलेल्यावर चालतो आणि सगळं पुसतो. आधी नुसती यादी काढणारी फेरी मारा.

ऑनटॅपची मूळ स्नॅपशॉट पॉलिसी दर तासाचे 6, रोजचे 2 आणि दर आठवड्याचे 2 स्नॅपशॉट ठेवते. पंधरवड्यापूर्वी गेलेली फाइल युजर मागणार असतील तर ती आजच बदला. हे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, म्हणून स्नॅपमिररची (दुसऱ्या ऑनटॅपवर प्रत उतरवणाऱ्या सोयीची) प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. तिथून एक फोल्डर परत आणून दाखवल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करू नका.