जुन्या आउटबोर्ड मोटारीचा इलेक्ट्रिक चोक: या चुका टाळा

बोटीच्या मागे बसवलेली आउटबोर्ड मोटार थंड असताना सुरू होईना की पहिला संशय चोकवर, म्हणजे सुरू करताना हवा अडवणाऱ्या भागावर येतो आणि धडधाकट सोलेनॉइड (वीज मिळताच चोक ओढणारी कॉइल) बदलला जातो. बडोद्यात बोटीच्या मोटारीचा जाणता मिस्त्री शोधूनच काढावा लागतो, म्हणून चांदोदला नर्मदेवर जुनी टू-स्ट्रोक मोटार नेणाऱ्याने ही तपासणी स्वतः शिकून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. मल्टिमीटर, पान्हे आणि थोडा धीर एवढं पुरतं.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे याला स्कूटरचा ऑटोचोक समजणं. स्कूटरमध्ये इंजिन चालू असेपर्यंत चोकला वीज मिळत राहते. आतला भाग तापतो आणि जादा पेट्रोल हळूहळू बंद होतं. जुन्या आउटबोर्डचं नेमकं उलटं आहे. किल्ली आत दाबली की कॉइलला वीज मिळते, प्लंजर म्हणजे आतला सरकता दांडा ओढला जातो आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची पाकळी हवा अडवते. किल्ली सोडली की स्प्रिंग पाकळी उघडते. हे काही सेकंदांचं काम आहे. चोकची वायर इग्निशनच्या लाइनला कायमची जोडली, तर पाकळी बंदच राहते, मोटार काळा धूर ओकते आणि शेवटी कॉइल जळते. स्कूटरच्या मिस्त्रीकडे काम देणार असाल, तर हे त्याला आधीच सांगा.

आणखी एक गल्लत. जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या 1980च्या दशकातल्या बऱ्याच मोटारींवर चोक नसतोच, प्राइमर असतो. तो हवा अडवत नाही, इंजिनात जादा पेट्रोल सोडतो. त्याच्यावर एक छोटी लाल दांडी असते. ती दिसली तर पाकळी शोधत बसू नका.

आता तपासणी. सुरुवात बॅटरीपासून करा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी शांत असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना आकडा 9.6च्या खाली गेला, तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. चोकचा दोष नंतर.

मग स्टार्टर न फिरवता, किल्ली ऑनवर ठेवून आत दाबा. सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज यायला हवा. आला नाही तर किल्ली दाबून धरलेली असताना चोकच्या वायरवर व्होल्टेज मोजा. वीजच पोचत नसेल तर फ्यूज, किल्लीचा स्विच आणि वायरिंगचे जोड तपासा. बारा व्होल्ट येऊनही प्लंजर हलत नसेल तर अर्थिंगवर संशय घ्या. बऱ्याच मोटारींत सोलेनॉइडला अर्थ बोल्टमधून मिळते, आणि रंग किंवा गंज ती तोडतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून सोलेनॉइडच्या बॉडीला एक तात्पुरती वायर लावा. टक आवाज आला तर दोष सापडला, सोलेनॉइड बदलू नका. वायर काढून कॉइलचा रेझिस्टन्सही मोजा. चांगली कॉइल थोडेसे ओम दाखवते. मीटर ‘OL’ म्हणजे अमर्याद रेझिस्टन्स दाखवत असेल तर कॉइल तुटलेली आहे.

सोलेनॉइडला बॅटरीतून थेट वीज देऊन बघायचं असेल, तर पेट्रोलची नळी काढा, मोटारीचं झाकण उघडून वाफ जाऊ द्या आणि शेवटची जोडणी कार्बोरेटरपासून लांब करा. ठिणगी त्या शेवटच्या जोडणीवरच पडते. यात घाई अजिबात नको.

पावसाळाभर मोटार पडून राहिली की प्लंजर गंजून अडकतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसून कोरडा बसवा. ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून तो पुन्हा अडकतो.

टक आवाज येतो म्हणजे चोक ठीक, असंही समजू नका. समोरचं कव्हर काढून पाकळी पूर्ण बंद होते का, आणि सोडल्यावर पूर्ण उघडते का, हे डोळ्यांनी पाहा. अर्धवट बंद राहणारी पाकळी स्पार्क प्लग पेट्रोलने ओले करते. प्लंजर आणि पाकळीमधल्या दांडीची जोडणी सैल झाली असेल किंवा स्प्रिंग मेली असेल.

बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. त्या उन्हात गरम मोटारीला चोक देणं म्हणजे प्लग भिजवणं. प्लग ओले झाले असतील तर काढून कोरडे करा, चोक न देता थ्रॉटल उघडा ठेवून फिरवा. मोटार पेटली की लगेच थ्रॉटल कमी करा. हे सगळं गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि मोटारीचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून करा. कोरडी चालवली तर पाण्याच्या पंपाचं रबर थोड्याच वेळात जळतं.

चोक निर्दोष निघाला तर पेट्रोलच्या नळीकडे वळा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर कडक होतं आणि चिरतं. मग नळी हवा ओढते, आणि लक्षणं चोक बिघडल्यासारखीच दिसतात. हाताने दाबायचा रबरी पंप दाबत राहूनही कडक होत नसेल तर नळी आणि पंप दोन्ही बदला.

नदीवर जाण्याआधी एक चाचणी घरीच घ्या: चोकची वायर काढून, पाकळी हाताने बंद करून थंड मोटार सुरू करून बघा. चांदोदच्या वरच्या अंगाला सरदार सरोवर आहे, आणि पाणी सोडलं की नर्मदेचा प्रवाह वाढतो. तिथे हाताने चोक देता यायलाच हवा, शिवाय बोटीत वल्ही, नांगर आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असलंच पाहिजे.