सापळा रिकामा दिसतोय? आधी ल्यूरची तारीख बघा

अथणी, चिकोडी, बैलहोंगलच्या काळ्या रानात हरभऱ्याला कळ्या धरायला लागल्यात आणि आभाळ भरून येतंय. घाटे अळीला (हेलिकोव्हर्पा) याहून चांगलं काय हवं? कामगंध सापळे बहुतेकांनी लावलेत, पण त्यातली ल्यूर, म्हणजे मादीच्या वासाची गोळी, अजून पहिलीच. तीन-चार आठवड्यांत तिचा वास उतरतो. मग सापळ्यात पतंग पडत नाही, आपण म्हणतो 'यंदा कीड नाही', आणि तोवर घाट्यांना भोकं पडलेली असतात. दरवर्षी हेच बघतोय.

नर पतंग मादीला वासावरच शोधतो. त्याच्या मिशांवर वास पकडणारी प्रथिनं असतात आणि त्यांची घडण जनुकांत ठरलेली असते. घाटे अळी आणि तिची तंबाखू-मिरचीवरची भाऊबंद जात, दोघींच्या माद्या तीच दोन मुख्य रसायनं सोडतात, फक्त प्रमाण उलटं. तेवढ्यावर नर आपली-परकी ओळखतो. म्हणून दुकानदाराने 'हीच शिल्लक आहे' म्हणून तंबाखूच्या पानं खाणाऱ्या अळीची (स्पोडोप्टेरा, ही तर वेगळीच कीड) ल्यूर दिली तर घेऊ नका. हरभऱ्याला हेलिकोव्हर्पाचीच लागते.

सापळ्यात फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी रानात मोकळीच असते. ती पानावर बसून पायांनीसुद्धा चव घेते. या किडीच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चव ओळखणारी २१३ जनुकं मोजली गेली. तुती सोडून सहसा काही न खाणाऱ्या रेशीमकिड्यात ती याहून बरीच कमी. म्हणजे हिला अनेक पिकं चालतात. तेव्हा 'शेजारी तूर आहे, कीड तिकडेच जाईल' या भरवशावर राहू नका.

हरभऱ्याच्या पानावरची आंबही कामाची. तिच्यातलं ऑक्झॅलिक आम्ल अळीची वाढ रोखतं. अवकाळी पावसाने आंब धुतली की अळी जोर धरते, असा माझा अंदाज. तेव्हा पावसानंतर दोन-तीन दिवस रोज रान फिरा.

सापळ्याचं:
- एकरी २, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच
- ल्यूर दर तीन आठवड्यांनी नवी. लावल्याची तारीख काठीवर लिहा
- तंबाखू मळलेल्या हाताने ल्यूर धरू नका
- एका सापळ्यात सलग दोन-तीन रात्री ८-१० पतंग पडले की फवारणीची तयारी

बाकी कामं:
- एकरी २० पक्षीथांबे
- कळी अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्क
- अळी लहान असताना एचएएनपीव्ही (घाटे अळीला रोग लावणारा विषाणू) एकरी १०० एलई (त्या विषाणूचं माप), संध्याकाळी
- ओळीच्या मीटरला एक-दोन अळ्या दिसल्या तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी, १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम

निंबोळीची कडू चव अळीचं खाणं थांबवते, म्हणून निंबोळी अर्क अळी बारीक असतानाच फवारा. मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग नाही. 'तीन औषधं एका पंपात' आणि वर टॉनिकची बाटली, हा दुकानातला सल्ला मात्र पैसे गेल्यावरच कळतो. त्या पैशात अख्ख्या हंगामाच्या ल्यूर येतात.

ल्यूर आधी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. दुकानातून घेतली तर पाकिटावर उत्पादनाची तारीख आहे का ते बघा, आणि लावेपर्यंत पाकीट बंदच ठेवा, थंड जागी. आज रानात जाणार असाल तर सापळ्याची पिशवी सोडून बघा. दोन-चार दिवसांत एकही पतंग पडला नसेल, तर फवारा बाजूला ठेवा, आधी ल्यूर बदला आणि पुढच्या तीन रात्री मोजा.