बिलात उतरलंय का?

कंपन्यांच्या डिजिटल यंत्रणेतून वीज आणि कच्चा माल वाचवण्याच्या कामात उतरू पाहणाऱ्यांना सेन्सर किंवा डॅशबोर्ड म्हणजे काय, हे मी सांगत बसणार नाही. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आणि मुंबईत या कामाला माणसे लागू लागली, हेही तुम्हाला ठाऊक असेल. मी जिथे तोंडघशी पडले, ती जागा मात्र सविस्तर दाखवते.

पहिल्या नोकरीत अंधेरी एमआयडीसीतील एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात आम्ही हवा दाबून यंत्रांना पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पॅनलवर नवा डिजिटल मीटर बसवला. महिनाभरात वापर जुन्या नोंदवहीच्या थेट निम्म्यावर आलेला दिसला. मी तो आलेख साहेबांपुढे ठेवला आणि युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरून किती उत्सर्जन टळले, तेही ऐटीत सांगितले. मागे उभ्या असलेल्या वायरमनकाकांनी एवढेच विचारले, "बिलात उतरलंय का?" बिल होते तेवढेच होते.

जाड केबलमधला प्रवाह थेट मीटरमध्ये जात नाही, तो सीटीमधून, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरमधून, ठरावीक प्रमाणात कमी होऊन जातो. सीटीवर ४००/५ असे कोरलेले असेल, तर केबलमधून ४०० अँपिअर जाताना मीटरपर्यंत ५ पोहोचतात आणि म्हणून मीटरचा आकडा कितीने गुणायचा, तो गुणक ८० भरावा लागतो. मी जुन्या ड्रॉइंगवर विसंबून २००/५ भरले होते, म्हणजे गुणक ४० झाला आणि निम्मी वीज कागदावरच "वाचली". तीनपैकी एका फेजची सीटी उलटी बसली, तर तिन्ही फेजवर सारखा भार असताना मीटर खऱ्या वापराचा तिसरा हिस्साच दाखवतो, आणि तोही आलेख दिसायला सुरेखच असतो. त्यामुळे सीटीवरच्या पाटीचा फोटो स्वतः पाहिल्याशिवाय गुणक भरू नका. फोटो मात्र वायरमनकडून, पॅनल बंद असताना काढून घ्या, कारण प्रवाह चालू असताना सीटीची दुय्यम, म्हणजे मीटरकडची, बाजू उघडी पडली, तर तिथे जीवघेणे व्होल्टेज तयार होते.

दोन दिवसांत शाश्वतता तज्ज्ञ बनवणाऱ्या प्रमाणपत्रांविषयी माझे मत चांगले नाही. बीईई या केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता संस्थेची ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा अवघड आहे, पण तिच्या अभ्यासात पंप, बॉयलर आणि कॉम्प्रेसर खरोखर भेटतात. त्याहून मोठा गुरू म्हणजे पाळीवरचा वायरमन, आणि त्याला समाजमाध्यमांवर कुणी ओळखत नाही.

घाबरू नका, मला कुणी नोकरीवरून काढले नाही. गुणक सुधारल्यावर त्याच मीटरच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदींत दिसले की, रविवारी कारखाना बंद असतानाही कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने लोड घेत, म्हणजे पुन्हा हवा दाबू लागत होता. हवा वापरणारे एकही यंत्र चालू नव्हते, म्हणजे ती गळत होती, आणि महिन्याच्या बिलात हे कधीच दिसले नसते. काकांनी साबणाचे पाणी लावून नळ्यांच्या जोडांवरचे (कपलिंग) बुडबुडे शोधले आणि प्रत्येक गळतीपाशी खडूने फुली मारली. दुरुस्तीनंतरच्या बैठकीत मी एकूण युनिटांऐवजी दर किलो मालामागची युनिटे मांडली, कारण ऑर्डर घटल्या तरी एकूण वापर घटतो आणि त्याला बचत म्हणत नाहीत. त्या बैठकीला जाण्याआधी मी बिल काकांना दाखवून आले होते.