पिशवी काढायला सांगितली? आधी वही काढा

दसरा झाला की आमच्या बीडकडची गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि पाच-सहा महिने उसाच्या फडावर काढायचे. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळी असो की ताप, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचंच. अशा बाईला कुणी गर्भाशयाबद्दल म्हटलं, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल," तर तिला ते पटतं. २०१९ मध्ये या प्रश्नावर सरकारनं नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

मी एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. तरीही माझ्या धाकट्या जावेचं ऑपरेशन मला ते झाल्यावरच कळलं. वय सत्तावीस, तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची. एक सोनोग्राफी झाली आणि तिसऱ्या दिवशी टेबलावर. त्यानंतर लवकरच अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप उडाली, पुढं कंबर धरली. दोन वर्षांनी मी तिचं डिस्चार्ज कार्ड मागून घेतलं. त्यावर लिहिलं होतं, दोन्ही अंडाशयंही काढली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आईला, काकूला दवाखान्यात नेणाऱ्या पोरींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी वही करा. मुकादम खाडा लिहून ठेवतो, तशी बाईची स्वतःची वही हवी. घरात असाल तर भिंतीवरचं कॅलेंडरही चालेल. पाळी सुरू झाली ती तारीख, किती दिवस गेलं, दिवसाला किती घड्या किंवा पॅड लागले, गाठी पडल्या का, दुखणं कामावरून उठवण्याइतकं होतं का, एवढंच लिहा. तीन महिन्यांची वही समोर ठेवली की डॉक्टरांना "लई जातं" यापेक्षा खूप जास्त कळतं. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसरीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत, हे सगळं ठीक समजतात. आईची पाळी तीस दिवसांनी आणि मावशीची पस्तीस दिवसांनी येते म्हणून कुणी आजारी ठरत नाही.

काही वेळा मात्र तीन महिने थांबायचं नाही. तासाला एक पॅड भिजतंय आणि हे दोन-तीन तास चाललंय, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडताहेत, चक्कर येतेय, दिवस गेल्याची शंका असताना लाल जातंय, तर लगेच निघा. संबंधानंतर रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला पुन्हा डाग दिसला, अगदी एकदाच दिसला, तरी तपासणी झालीच पाहिजे. "उष्णतेनं झालं असेल" म्हणून घरी बसू नका.

आता पिशवी म्हणजे काय ते. लहान पेरूएवढं गर्भाशय, खाली त्याचं तोंड, वरून दोन्ही बाजूंना नळ्या आणि शेजारी बदामाएवढी दोन अंडाशयं. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या अस्तरातून येतं. हाडं, झोप, अंगातली उष्णता सांभाळणारे हार्मोन अंडाशयांतून येतात. 'पिशवी काढली' या दोन शब्दांत यातलं काय काय गेलं, ते कळत नाही. म्हणून विचारायचंच: अंडाशयं ठेवणार ना? काढणार असाल तर का?

दवाखान्यात ऐकू येणाऱ्या दोन शब्दांनी मी सर्वांत जास्त बाया घाबरलेल्या पाहिल्या. पहिला, 'तोंडाला जखम'. गर्भाशयाच्या तोंडाचा आतला लालसर भाग बाहेर दिसतो, त्याला बरेचदा जखम म्हणतात. तरुण बाईत, बाळंतपणानंतर किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना असं दिसणं अगदी नेहमीचं आहे. तो कॅन्सर नव्हे. कॅन्सरचा धोका आहे का हे बघायला आधी पॅप तपासणी (तोंडावरच्या पेशी घेऊन बघणं) करतात किंवा सरकारी दवाखान्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून तोंड बघतात. त्याला काही मिनिटं पुरतात. ही तपासणी न करता कुणी "पुढं कॅन्सर होईल" म्हणालं, तर कागद घेऊन उठा. दुसरा शब्द सोनोग्राफीतला, 'बल्की'. म्हणजे पिशवी थोडी मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची ती असतेच. त्रास काहीच नसेल तर नुसत्या त्या शब्दावर ऑपरेशन होत नाही.

गाठ म्हणजे फायब्रॉइड. बहुतेक गाठी साध्या असतात, पाळी गेल्यावर आकसतात. त्रास देत असतील तर गोळ्या असतात, तांबीसारखं आत बसवायचं हार्मोनचं साधन असतं, नुसती गाठही काढता येते. रक्तस्राव जास्त असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर अस्तराचा तुकडाही तपासतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

पांढरं जाण्यासाठी पिशवी काढतात, हे ऐकलं की अजून माझा जीव तुटतो. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं जातं, ते निरोगीच. दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी, माशासारखा वास असेल तर जंतूंचा बिघाड. पिवळं-हिरवं फेसाळ असेल तर नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर तोच आजार फिरून येतो. हे सगळं औषधानं बरं होतं. फडावर पाणी नाही, कपडा वाळवायला आडोसा नाही, म्हणून पुन्हा होतं. त्यात पिशवीचा काय दोष?

अंग बाहेर येत असेल, म्हणजे पिशवी खाली सरकत असेल, तर आत बसवायची रिंग मिळते. सुरुवातीला, लघवी रोखतो तसे स्नायू आवळण्याचा व्यायामही उपयोगी पडतो.

ऑपरेशनची खरंच गरज असते, तेही सांगते. कॅन्सर, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, पूर्ण बाहेर आलेलं अंग. तेव्हा घाबरून टाळू नका. पण घाईचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, शक्यतो जिल्हा रुग्णालयात. आमच्याकडे २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. ती घेतली का, हे विचारायला लाजू नका. संमतीच्या कागदावर अंगठा देण्याआधी तो मोठ्यानं वाचून घ्या. काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल मागून घ्या. सहा आठवडे हंडा नाही, मोळी नाही. उचल फिटायची राहिली तरी नाही.

ज्यांची अंडाशयं आधीच गेलीत, त्यांनी डिस्चार्ज कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. हार्मोनचे उपचार चालतील का आणि हाडांसाठी काय घ्यायचं, हे विचारावं. माझ्या जावेला असे उपचार असतात हे कळेपर्यंत सहा वर्षं गेली. आता ती उपचार घेते, रात्री झोपते. दिवाळीला तिनं तिच्या पोरीसाठी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर माझ्याकडून तारखेचे रकाने आखून घेतले.