फेअरमाँटला बिऱ्हाड मांडणाऱ्यांसाठी

फेअरमाँट हे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं लहानसं गाव. आपल्यातले बहुतेक जण इथे येतात ते डॉक्टरकीच्या व्हिसापायी. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट माफ करून घ्यायची, तर तीन वर्षं डॉक्टरांची चणचण असलेल्या भागात काम करायचं. अशा माफीसाठी प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा असतात. आम्हीही तसेच नेब्रास्कात आलो. पहिल्या दिवशी बोलता बोलता गाव मागे पडलं आणि गाडी वळवून परत यावं लागलं.

आधी नकाशा वाचायला शिका. 1871 च्या सुमारास बर्लिंग्टन रेल्वे रूळ टाकत पश्चिमेला निघाली आणि वाटेतल्या ठाण्यांना वर्णमालेप्रमाणे नावं देत गेली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड. (मध्ये फ्रेंड नावाचं गाव रांग मोडून बसलंय, ते सोडा.) वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, शेतकऱ्याला धान्य घालून बैलगाडी नाहीतर घोडागाडी दिवसात परत न्यायची असायची, म्हणून गावं अशी जवळजवळ. आजही शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी गाडी रात्री इथूनच जाते, थांबत मात्र नाही.

रूळ सोडले तर बाकी सगळं चौकटीच्या वहीसारखं. आपली फिलमोर काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) साधारण 24 मैल बाय 24 मैल, जमीन एकेक चौरस मैलाच्या तुकड्यांत मोजलेली. एक तुकडा म्हणजे 640 एकर. 1862 च्या कायद्याने वसाहतकऱ्याला त्यातला पाव, 160 एकर मिळायचा. म्हणून इथे पत्ता सांगताना डावं-उजवं कोणी म्हणत नाही. ‘दोन मैल उत्तरेला, मग एक पूर्वेला’, बस्स. दिशा पाठ करा. फोनच्या नकाशावर भिस्त ठेवून आम्ही एकदा पावसानंतर मातीच्या रस्त्यात रुतलो. ज्यांनी ट्रॅक्टरने ओढून काढलं, ते पुढच्याच आठवड्यात आमच्या ह्यांच्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला! गाव लहान असण्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

2010 च्या जनगणनेत फेअरमाँटची माणसं 560. काउंटीत 1890 मध्ये सुमारे 16,000 लोक होते, 2010 मध्ये 5,890. यंत्रं मोठी झाली, शेतं मोठी झाली, घरं ओस पडली. एक्झिटर आणि मिलिगनसारख्या गावांच्या शाळा एकत्र कराव्या लागल्या. हा विषय दुखरा आहे. ‘इथे माणसंच नाहीत’ असं कौतुकाने किंवा कंटाळून, कसंही बोलू नका. त्यापेक्षा विमानतळाबद्दल विचारा. दुसऱ्या महायुद्धात गावाच्या दक्षिणेला लष्करी विमानतळ होता, आणि अणुबॉम्ब टाकणाऱ्या 509 व्या बॉम्बफेकी गटासाठी 393 वी विमानतुकडी 1944 मध्ये इथूनच निवडली गेली. म्हातारी मंडळी तासभर सोडत नाहीत.

काउंटीचं मुख्य गाव जिनीव्हा, कागदपत्रांसाठी तिथेच जावं लागतं. मोठी खरेदी लिंकन शहरात. सप्टेंबर-ऑक्टोबरात मक्या-सोयाबीनची काढणी असते, तेव्हा रस्त्यावर अवजड यंत्रं येतात; मागे हॉर्न वाजवू नका. समोरून येणाऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं तर तुम्हीही उचला.

मार्चमध्ये घरात बसू नका. इथल्या चिकणमातीच्या उथळ खळग्यांत बर्फाचं पाणी साठतं आणि उत्तरेला निघालेली बदकं नि हंसांचे थवे त्यावर उतरतात. पहाटे जा, जाड कोट घालून.